डिस्नेलँडचा दिवस कुणी ठरवायचा?

युरोपच्या दहा-बारा दिवसांच्या सहलीचे पत्रक उघडले की त्यात आयफेल टॉवरला चार ओळी असतात, स्वित्झर्लंडच्या बर्फाच्या शिखराला पाच आणि डिस्नेलँडला जेमतेम एक. न्याहारी करून निघायचे, दिवसभर मजा करायची, संध्याकाळी हॉटेलवर परतायचे. घरातल्या मुलांनी ज्या एका दिवसासाठी वर्षभर आई-वडिलांच्या मागे लकडा लावलेला असतो, त्या दिवसाबद्दल पत्रकाला याहून जास्त काही सांगायचे नसते. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब इथून पैसे भरणारी कुटुंबेही बहुधा याहून जास्त काही विचारत नाहीत.

हे बदलायला हवे. कारण साधे आहे. आयफेल टॉवरपाशी गाइड असतो, बोटीत बसवायला टूर मॅनेजर असतो, जेवणाच्या वेळा ठरलेल्या असतात. थीम पार्कमध्ये मात्र सहल कंपनीचे काम फाटकापाशी संपते. तिकिटे हातात पडतात, संध्याकाळी बस कुठे उभी असेल ते सांगितले जाते आणि पुढचे सात-आठ तास कुटुंब एकटे असते. आजी, आजोबा, दोन मुले, त्यांचे आई-बाबा. अनोळखी भाषा, फ्रेंच पाट्या, प्रत्येक राइडसमोर शे-दोनशे माणसे. सगळ्या सहलीत कुटुंबाने स्वतः आखावा असा हा एकच दिवस असतो आणि नेमका तोच कुणी आखलेला नसतो.

परदेश आता धाराशिवसारख्या जिल्ह्यालाही दूर राहिलेला नाही. केसरी टूर्स १९८४ मध्ये सुरू झाली, वीणा वर्ल्ड २०१३ मध्ये. अशा मराठी कंपन्यांनी मराठी बोलणारा टूर मॅनेजर, वरणभाताची सोय आणि सोबतीला ओळखीची माणसे देऊन परदेशाची भीती घालवली, हे त्यांचे मोठे काम आहे. निवृत्त शिक्षक-शिक्षिकेचे जोडपे, तालुक्याच्या गावचे डॉक्टर, अडत दुकानदार, पुण्यात आयटीत नोकरी करणारा आणि आई-वडिलांना सोबत नेणारा मुलगा हे सगळे आज दुबई, सिंगापूर आणि पॅरिसला जातात. यातल्या अनेकांसाठी ही सहल आयुष्यात एकदाच होणारी असते. आठपैकी आठ तालुक्यांत पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या या जिल्ह्यात तो पैसा सहज साठलेला नसतो. म्हणून त्यातला एक दिवस रांगेत उभे राहून वाया गेला तर ती किरकोळ गोष्ट नव्हे.

आधी घड्याळाचे पाहू. धाराशिवच्या माणसाची परदेशवारी मुंबईच्या विमानतळावर सुरू होत नाही, ती आदल्या संध्याकाळी घराच्या उंबऱ्यावर सुरू होते. पहिली रात्र ट्रॅव्हल्सच्या गाडीत किंवा लातूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये, दुसरी विमानात किंवा विमानतळाच्या खुर्चीत. उमरगा-नळदुर्गकडच्या कुटुंबांना राष्ट्रीय महामार्ग ६५ ने हैदराबादचे शमशाबाद विमानतळ मुंबईपेक्षा कितीतरी जवळ पडते, तरी झोपमोड टळत नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला ध्यानात घेऊन आखलेल्या कार्यक्रमात पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पार्क ठेवलेला असेल, तर जिल्ह्याच्या गावाहून गेलेल्या आजी-आजोबांच्या अंगावर तो दोन जागरणे घेऊनच येतो. कंपनीकडे दोन-तीन प्रकारचे कार्यक्रम असतील तर ज्यात पार्क तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो तो निवडावा.

त्यात कालफरक मिसळतो. उन्हाळ्यात पॅरिसचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. त्यामुळे पहिले काही दिवस माणसाला तिथे पहाटे तीन-चारलाच जाग येते आणि रात्री आठला डोळे मिटू लागतात. सिंगापूर अडीच तास पुढे आहे. तिथे सकाळी साडेसातचा गजर झाला की शरीराला पहाटेचे पाच वाजलेले असतात. पॅरिसमध्ये सकाळ हातात येते आणि रात्र निसटते, सिंगापुरात उलटे. कोणत्या पार्कमध्ये लवकर जायचे आणि कुठे रात्रीपर्यंत थांबायचे, हे ठरवताना एवढा हिशेब केला तरी निम्मे काम होते.

पॅरिसच्या रात्रीची गोष्ट तर वेगळी सांगायला हवी. डिस्नेलँड पॅरिस शहराच्या पूर्वेला सुमारे बत्तीस किलोमीटरवर, मार्न-ला-व्हाले इथे आहे. १२ एप्रिल १९९२ ला ते सुरू झाले. तिथल्या गुलाबी राजवाड्यावरचा रात्रीचा रोषणाईचा आणि आतषबाजीचा खेळ हा अनेकांच्या मते त्या दिवसाचा कळस असतो. तो अंधार पडल्याशिवाय होऊ शकत नाही. मेच्या अखेरीस धाराशिवला सात वाजता दिवस मावळतो, पॅरिसला पावणेदहाच्या सुमाराला. म्हणजे खेळ साडेदहा-अकराच्या आसपास. महाराष्ट्रातल्या शाळांना सुट्टी मेमध्ये असते म्हणून मराठी कुटुंबे मेमध्येच जातात, आणि सहलीची बस सहा-सात वाजता निघाली की नेमका हाच खेळ हुकतो. पत्रकातल्या चित्रात मात्र तीच रोषणाई छापलेली असते. बस किती वाजता परत निघणार हा प्रश्न पैसे भरण्याआधी विचारलाच पाहिजे, आणि उत्तर संध्याकाळचे असेल तर मागे थांबण्याची मुभा आहे का, हेही.

मागे थांबणे वाटते तितके अवघड नाही. पार्कच्या फाटकाला लागूनच आरईआर ए या लोकल मार्गाचे शेवटचे स्टेशन आहे, मार्न-ला-व्हाले-शेसी. तिथून मध्य पॅरिस चाळीस-पंचेचाळीस मिनिटांवर. जानेवारी २०२५ पासून पॅरिस परिसरात गाडीचे एकेरी तिकीट एकाच दराचे झाले, सुमारे अडीच युरो. आधी याच प्रवासाला जवळपास दुप्पट पडायचे. तरुण आई-बाप आणि मोठी मुले थांबू शकतात, आजी-आजोबा बसने हॉटेलवर परतू शकतात. मात्र हॉटेल शहराच्या कुठल्या टोकाला आहे आणि शेवटची गाडी केव्हा आहे ते आदल्या दिवशीच पाहून ठेवायचे, आणि गर्दीच्या डब्यात पासपोर्ट-पाकीट पुढच्या खिशात ठेवायचे.

रांगेचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. मोठ्या रोलर कोस्टरवर तासाला साधारण हजार ते दोन हजार माणसे बसून उतरतात. ही क्षमता दिवसभर तीच राहते. बदलते ती येणाऱ्यांची संख्या. फाटक उघडल्यावर पहिल्या तासात माणसे कमी असतात, राइड मोकळी मिळते. दहा-साडेदहानंतर शहरातून बसच्या बस येऊन थडकतात आणि एकदा का दीड-दोन हजार माणसे पुढे साचली की ती रांग संध्याकाळपर्यंत ओसरत नाही. आरामात न्याहारी करून नऊला निघालेली बस पॅरिसच्या वाहतुकीतून साडेदहा-अकराला पोहोचते, म्हणजे नेमकी रांग साचण्याच्या वेळेला. सकाळच्या एका तासात ज्या तीन राइड झाल्या असत्या, त्यांना दुपारी चार तास लागतात. गटातल्या चार कुटुंबांनी मिळून आदल्या संध्याकाळी टूर मॅनेजरला सांगावे, की न्याहारीचे डबे बांधून द्या, आम्ही साडेसातला बसमध्ये बसतो. चांगला मॅनेजर नाही म्हणत नाही.

तुळजापूरच्या रांगेत उभे राहिलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. शारदीय नवरात्रात किंवा अश्विन पौर्णिमेला, सोलापूरहून रात्रभर चालत आलेल्या लाखोंच्या गर्दीत दर्शन घ्यायचे तर पहाटे कधी निघावे, म्हाताऱ्या माणसाला कुठे बसवावे, चुकामूक झाली तर कोणत्या दरवाजापाशी भेटावे, लहान मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी कशी ठेवावी, पैसे भरून मिळणारा दर्शनाचा पास घ्यावा की धर्मदर्शनाच्या रांगेत उभे राहावे, हे सगळे या जिल्ह्यातल्या घराघरात पाठ असते. युनिव्हर्सल स्टुडिओचा एक्स्प्रेस पास आणि डिस्नेलँड पॅरिसचा प्रीमियर ॲक्सेस हे पैसे भरून रांग टाळण्याचेच प्रकार आहेत. गर्दीच्या दिवशी एक्स्प्रेस पासाची किंमत मूळ तिकिटाच्या बरोबरीला जाऊ शकते. त्यामुळे सरसकट सगळ्यांसाठी तो घेणे शहाणपणाचे नाही. डिस्नेलँड पॅरिसमध्ये एकेका राइडपुरताही प्रीमियर ॲक्सेस मिळतो. मुलांच्या मनातल्या दोन राइड निवडून तेवढ्याच घ्याव्यात. घरात जो माणूस यात्रेची सगळी व्यवस्था पाहतो, त्याच्याकडे, आणि बहुतेक घरांत तिच्याकडे, पार्कचा दिवसही सोपवावा. फॉरेनला गेल्यावर ही समज घरी ठेवून जाण्याचे काही कारण नाही.

आता उंचीचे. जत्रेतल्या आकाशपाळण्यात किंवा ब्रेकडान्समध्ये मुलाची उंची कुणी मोजत नाही. पैसे दिले की बसवतात. त्यामुळे परदेशात रांगेच्या तोंडाशी उभा असलेला कर्मचारी जेव्हा पट्टी लावून मुलाला बाजूला काढतो, तेव्हा वडिलांना तो अपमान वाटतो. हुज्जत होते, मूल रडते. सुरक्षेचा दांडा आणि खांद्यावरचे कवच ठरावीक आकाराच्या शरीराला धरून ठेवेल असे बनवलेले असते. लहान अंग त्यातून निसटू शकते, म्हणून हा नियम असतो आणि त्यात सवलत नसते. डिस्नेलँड पॅरिसच्या बिग थंडर माउंटनला १०२ सेंटिमीटर लागतात, हायपरस्पेस माउंटनला १२०. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओत ममीच्या राइडला १२२, बॅटलस्टार गॅलॅक्टिकाला १२५. आपल्याकडच्या सात वर्षांच्या मुलाची उंची साधारण ११५ ते १२० च्या घरात असते. म्हणजे पहिली-दुसरीतल्या पोराला घेऊन जाणाऱ्या कुटुंबाने हे नक्की धरून चालावे, की टीव्हीवर पाहिलेल्या मोठ्या राइडपैकी निम्म्या त्याला मिळणार नाहीत.

निघण्याआधी घरच्या भिंतीवर पेन्सिलने खूण करावी, पार्कच्या यादीशी ताडून पाहावी आणि मुलाला आधीच सांगावे. रडारड घरी झालेली बरी. एका मुलाला परवानगी आहे आणि धाकट्याला नाही, अशा वेळी आई-वडिलांनी आलटून पालटून बसायचे. डिस्ने आणि युनिव्हर्सल दोन्हीकडे यासाठी सोय असते, दुसऱ्या पालकाला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. फक्त ती मागावी लागते, आपणहून कुणी देत नाही.

साडी, ओढणी, सैल चपला यांचीही काळजी हवी. वेगाच्या राइडवर ओढणी काढून ठेवायला सांगतात, चपला पायातून निसटतात. पट्ट्याचे बूट आणि आटोपशीर कपडे एवढे केले तर आजीही अनेक सौम्य राइडमध्ये आनंदाने बसू शकते. मात्र रक्तदाब, हृदयविकार, मानेचा-पाठीचा त्रास असलेल्यांना आणि गर्भवतींना ज्या राइडवर मनाई लिहिलेली असते, त्या पाटीशी भांडू नये. पडद्यावर हलणारे चित्र आणि खाली डोलणारी खुर्ची असलेल्या राइड दिसायला निरुपद्रवी, पण चक्कर सर्वांत जास्त त्यांनीच येते.

कुठे जायचे, यावर थोडे स्पष्ट बोलायला हवे. मेमध्ये दुबईला जाणाऱ्या कुटुंबाने उघड्यावरचा पार्क घेऊ नये. धाराशिवच्या चाळिशीपारच्या उन्हाला सरावलेला माणूसही तिथल्या दमट उन्हात दुपारी फिरू शकत नाही. दुबईतले आयएमजी वर्ल्ड्स ऑफ ॲडव्हेंचर २०१६ मध्ये सुरू झाले, ते सगळे छताखाली, वातानुकूलित आहे. अबुधाबीच्या यास बेटावरचे फेरारी वर्ल्डही बव्हंशी छताखालीच. तिथली २०१० ची फॉर्म्युला रोसा ताशी २४० किलोमीटर वेगाने जाते, पण ती राइड उघड्यावर आहे आणि मोठ्यांसाठीच आहे. दुबईहून यास बेट सव्वा-दीड तासावर आहे, हा वेळ धरूनच दिवस मोजावा. दोन पार्क एका दिवसात देणारे पॅकेज स्वस्त दिसते. त्यात दोन्ही पार्क बाहेरून पाहून होतात, एवढेच. आणि जुन्या व्हिडिओंवर विसंबू नये. दुबईचे बॉलिवूड पार्क २०२३ मध्ये कायमचे बंद झाले, तरी त्याचे व्हिडिओ पाहून मुले आजही तेच मागतात.

वारही पाहायचा असतो. अमिरातीत जानेवारी २०२२ पासून साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार झाली, शुक्रवारी अर्धा दिवस. शुक्रवार टाळा हा जुना सल्ला आता बदलला आहे. फ्रान्समध्ये बुधवारी अनेक प्राथमिक शाळांना सुट्टी असते, शिवाय १ मे आणि ८ मे सार्वजनिक सुट्ट्या, म्हणून तिथे मंगळवार किंवा गुरुवार बरा. सिंगापूरच्या शाळांना मेच्या अखेरीपासून जूनमध्ये महिनाभर सुट्टी असते. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यात उघडतात म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यातली सहल स्वस्त म्हणून घेतली, तर सिंगापूरची सगळी मुले त्याच रांगेत भेटतात.

पॅरिस, दुबई आणि सिंगापूर या तिन्हींत सिंगापूर सर्वांत सोपे. युनिव्हर्सल स्टुडिओ सेंटोसा बेटावर आहे, २०१० मध्ये सुरू झाले, आणि आकाराने आटोपशीर आहे. एका दिवसात खरोखर पाहून होते. हार्बरफ्रंट मेट्रो स्टेशनवर उतरायचे, वरच्या मॉलमधून चार सिंगापूर डॉलर देऊन सेंटोसा एक्स्प्रेस पकडायची किंवा खाडीवरच्या पुलाने फुकट चालत जायचे. दुपारी वीज-पाऊस आला की उघड्यावरच्या राइड थांबवतात, म्हणून मोठ्या राइड सकाळी उरकाव्यात. फाटकावरचा दर प्रौढाला ऐंशी सिंगापूर डॉलरच्या पुढे आहे. चार प्रौढांचे वीस हजार रुपयांहून जास्त होतात. चार वर्षांखालचे मूल फुकट, बारापर्यंत मुलाचे तिकीट. डिस्नेलँड पॅरिसला ही सीमा तीन आणि अकराची आहे. सहलीच्या काळात वाढदिवस येत असेल तर ही बाब पॅकेजच्या किमतीत पैशांनी दिसते.

आणि काही कुटुंबांनी पार्कला जाऊच नये. साठीच्या पुढचे जोडपे, सोबत नातवंडे नाहीत, गुडघे दुखतात, वेगाची हौस नाही, अशा माणसांना सात-आठ तास डिस्नेलँडच्या बाकांवर बसवून ठेवणे हा अन्याय आहे. पार्कमध्ये दिवसभरात दहा-बारा किलोमीटर चालणे सहज होते. त्या दिवशी त्यांना सेन नदीकाठी, लूव्रमध्ये किंवा नुसते बागेत बसू द्यावे. कंपन्यांनी डिस्नेलँडचे तिकीट वेगळे ठेवावे, न जाणाऱ्याला त्याची रक्कम वजा करून द्यावी आणि त्याच्यासाठी शहरातला पर्याय द्यावा. आज बहुतेक ठिकाणी तिकीट पॅकेजमध्ये बांधलेले असते, म्हणून ‘पैसे भरलेत ना, चला’ या एका वाक्यावर म्हातारी माणसे ओढली जातात. जाणाऱ्यांसाठी चाकाची खुर्ची भाड्याने मिळते. ती घेण्यात कमीपणा मानू नये. ज्याला पायी वारी जमत नाही त्याला आपण गाडीतून नेतोच.

पोटाचा प्रश्न धाराशिवच्या माणसाला आधी सुचतो आणि ते बरोबरच आहे. धपाटे, दशम्या, शेंगाचटणी सोबत असली की परदेशात धीर वाटतो. पण बॅग भरताना त्या त्या देशाचा कायदा पाहावा. खसखस संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेली वस्तू आहे. अनारशावरची, लाडवातली, मसाल्यातली खसखस दुबईच्या विमानतळावर गंभीर अडचणीत टाकू शकते. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधेही तिथे परवानगीशिवाय चालत नाहीत. युरोपीय संघात प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा खवा घरीच ठेवावा, मग तो कुंथलगिरीचा का असेना. अनेक पार्क बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. डिस्नेलँड पॅरिसमध्ये घरगुती किरकोळ खाणे चालते. मधुमेही माणसासाठी लागणारे खाणे आणि इन्सुलिन डॉक्टरच्या चिठ्ठीसह सोबत ठेवले तर सहसा कुणी अडवत नाही. आणखी एक: भारतीय जेवणाच्या आग्रहापोटी गटाला दुपारी पार्कबाहेरच्या हॉटेलात नेणार असतील तर दिवसाचे दोन तास जातात. त्या दिवशी दुपारी आत मिळेल ते खावे, वरणभात रात्री.

या सगळ्याची तालीम घराजवळ करता येते. मुलाला वेग आवडतो की भीती वाटते, आजोबांना चक्कर येते का, कुटुंब आठ तास एकत्र चालून भांडणाविना परत येते का, हे पॅरिसमध्ये समजून घेणे फार महाग पडते. उमरग्याहून हैदराबाद चार-साडेचार तासांवर. तिथे बाह्यवळण मार्गालगत २०१६ पासून वंडरला आहे, आणि १९९६ पासून रामोजी फिल्म सिटी, जिथे जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांच्या सहली जाऊन आल्या आहेत. पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्यांसाठी खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ पासून आहे. मुंबईच्या गोराईचे एस्सेलवर्ल्ड, १९८९ पासून मराठी मुलांच्या दोन पिढ्यांनी पाहिलेले, २०२२ मध्ये बंद पडले. यापैकी एका ठिकाणी दिवाळीच्या सुट्टीत जाऊन आलेले कुटुंब मेमध्ये परदेशी पार्कात शिरते तेव्हा त्याला कुठे थांबायचे आणि काय सोडायचे, हे माहीत असते. रोलर कोस्टरच्या पहिल्या उतारावर डोळे मिटणाऱ्या मुलीसाठी हजारो रुपयांचा एक्स्प्रेस पास काढण्याची वेळ येत नाही.

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांचे चित्र थोडे वेगळे आहे. तिथे घाई नसते, मुलगा किंवा सून सगळे आखून ठेवतात. २०१५ च्या जुलैत तिथल्या मराठी मंडळांची संघटना असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला भरले होते, १९५५ मध्ये वॉल्ट डिस्नेने उघडलेल्या पहिल्या डिस्नेलँडच्या अगदी शेजारी. तिकडचे लोक हे पार्क वर्षानुवर्षे पाहत आलेले असतात, म्हणून पाहुण्यांना एका दिवसात सगळे दाखवण्याचा त्यांचा उत्साह दांडगा असतो. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये चार स्वतंत्र थीम पार्क आहेत. एका दिवशी एकच. धाराशिवहून आलेल्या आई-वडिलांनी ‘आम्हाला दुपारी घरी सोड, तुम्ही मुलांना घेऊन थांबा’ असे सांगण्यात संकोच करू नये, आणि मुलाने ते मनाला लावून घेऊ नये.

सोलापूर, लातूर, धाराशिवमध्ये सहलींची नोंदणी करणाऱ्या एजंटांनी आता एक काम करावे. पार्कच्या दिवसाचा मराठीत एक कागद द्यावा: हॉटेलातून निघण्याची वेळ, पार्क उघडण्याची आणि बंद होण्याची त्या तारखेची वेळ, परतीच्या बसची वेळ, दुपारचे जेवण आत की बाहेर, प्रमुख राइडची किमान उंची, जिथे दोन पार्क आहेत तिथे तिकीट एकाचे की दोन्हींचे, न येणाऱ्याला किती रक्कम परत. यातली एकही गोष्ट गुप्त नाही. सगळी पार्कच्या संकेतस्थळावर मिळते. एजंट ती देत नसेल तर कुटुंबाने मागावी, आणि देणाऱ्याकडेच नोंदणी करावी. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेच्या सहलीसाठी तो नोव्हेंबरपासूनच शक्य होतो, आणि पार्कची तारीखवार तिकिटे गर्दीच्या दिवसांसाठी महाग होत जातात. तेव्हा सोयाबीनचे पैसे हातात येतात त्या दिवाळीच्या दिवसांतच, पत्रक समोर ठेवून, मुलांना आणि आजी-आजोबांना दोघांनाही शेजारी बसवून हा कागद भरायला घ्यावा.